अनवाणी पंचवीस फूट

ताई,

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. गुढियारीच्या घरासमोरच मांडव टाकला होता. आत सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले होते, वंदना सुरू झाली होती, आणि मी बाहेर उभा राहून लोकांच्या चपला बघत होतो. पन्नाससाठ जोड असतील. एकेक उचलायचा, तळ बघायचा, परत जागेवर ठेवायचा. गोंदियाहून मोठे मामा उशिरा पोचले. त्यांनी मला चपला उलट्यापालट्या करताना पाहिलं आणि हळूच विचारलं, "काय पाहून राहिला रे? तुझीवाली हरवली काय?" मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो? तू असतीस तर पोट धरून हसली असतीस आणि नात्यागोत्यात सांगत सुटली असतीस की आमचा डॉक्टर चपला चोरतो. डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट, हे तुला वीस वर्षं सांगून थकलो.

चपला का बघत होतो, ते तुलाच सांगायचं आहे. बाकी कोणाला सांगण्यासारखं नाही.

तुझी चाल मला आठवते ती अंडरब्रिजखालची. मी पहिलीत, तू आठवीत. माझं मनगट धरून तू शाळेत न्यायचीस. मालधक्क्यावरून सुटलेले ट्रक, हातगाड्या, पोती वाहणारे हमाल, आणि त्यातून तू अशी निघायचीस की लोकच बाजूला व्हायचे. माझे पाय जमिनीला लागत होते की नाही, शंकाच आहे. "लवकर चाल, पोट्ट्या," एवढं एकच वाक्य रस्ताभर. बाबा म्हणायचे, या पोरीला चालता येतच नाही, हिला फक्त पळता येतं. मालधक्क्यावर जन्म काढलेल्या बाबांना घाई म्हणजे काय ते चांगलं माहीत होतं, तरी ते तुझ्यापुढे हात टेकायचे.

पुढे मी फिजिओथेरपीला गेलो तेव्हा चाल मोजायला पहिलं माणूस तूच मिळालीस. गच्चीवर बादलीत पाय बुडवून तू सिमेंटवर चालायचीस आणि मी तुझ्या ओल्या पावलांमागे टेप घेऊन पळायचो. पावलं वाळायच्या आत मोजायची असत. टाच कुठे टेकली, अंगठा कुठे सुटला, डाव्या-उजव्यात किती फरक. तुझ्यात फरकच नसायचा. वैतागून म्हणायचीस, "काहून एवढं मोजून राहिला? चालणं हाय ते, सोनं थोडीच हाय." ती वही माझ्याकडे अजून आहे. पहिल्या पानावर शीर्षक आहे, सामान्य चाल, आणि खाली तुझे आकडे. इतक्या वर्षांत शेकडो माणसांची चाल मी त्या पानाशी ताडून बघितली. जे काही येतं मला, ते तुझ्या पायांवर शिकलो.

मग ती जयंतीची मिरवणूक आली. दहा वर्षं झाली असतील. चार-साडेचारचं एप्रिलचं ऊन, डांबर मऊ झालेलं, आपण सगळे निळे फेटे बांधून ढोलाच्या मागे. तुझी मितू तेव्हा नऊ वर्षांची, इथल्या शाळेमुळे हिंदीच बोलणारी. ती मागून धावत आली, हातात एक चप्पल. "मम्मी, आपकी चप्पल." तू खाली पाहिलंस. उजवा पाय उघडा होता. पंधरावीस पावलं तरी तू तशीच चालली होतीस, त्या डांबरावर. सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसलो. म्हणालो, ताई आता पाय विसरून चालायला लागली. तू मात्र हसली नव्हतीस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "कधी निघाली, समजलंच नाही."

हे वाक्य ऐकून ज्याने तिथल्या तिथे तुझा पाय तपासायला हवा होता, तो माणूस त्या मिरवणुकीत एकच होता, आणि तो हसत होता. दुसऱ्या दिवशी तुझ्या तळव्याला फोड आले. ते तू मला दाखवले नाहीस. माझ्यापासून लपवायला तू तिथूनच सुरुवात केलीस.

नंतर कधी डोळ्यापुढे धुकं, कधी कमरेला पट्टा आवळल्यासारखं. एमआरआय झाला आणि नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. तू मला म्हणालीस, मी शाळेच्या ऑफिसात टाईप करणारी बाई, मला समजेल असं सांग. मी सांगितलं, वायरवरचं प्लास्टिक सोलून निघावं तसं नसांवरचं आवरण जातं, आणि ते आपलंच शरीर खातं. मग विचारलंस, वायरीवर टेप मारतात तसं काही असते काय. मी म्हणालो, औषधं आहेत, आणि दर महिन्याला मोजत राहायचं. मोजलं की हातात राहतं, असं मी तुला म्हणालो होतो. कोणत्या तोंडाने म्हणालो होतो कोण जाणे.

चौबे कॉलनीतलं माझं क्लिनिक म्हणजे राहत्या घराची पुढची खोली आणि बाजूची लांब गॅलरी. गॅलरीत थंड पांढऱ्या टाइल्स. तिथे मी लाल टेपच्या दोन पट्ट्या चिकटवल्या होत्या, मध्ये पंचवीस फूट. जमेल तितकं भरभर पण सांभाळून चालायचं, लगेच परत यायचं, दोन्हींची सरासरी काढायची. मग खुर्चीतून उठून दहा फूट जायचं, वळायचं, येऊन बसायचं. मग चालण्याबद्दलचे बारा प्रश्न; त्रास नसेल तर एक, फार असेल तर पाच. महिन्याचा पहिला रविवार तुझा. मितू तुला ऑटोने आणायची. पहिल्या दिवशी मी स्टॉपवॉच दाबून म्हणालो, "चल ताई, भरभर." तू मान वळवून म्हणालीस, "लवकर चाल म्हणत होती मी तुले. आता तू मले म्हणून राहिला."

आपला करार तुला आठवतो. तुम्ही आईबाबांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. बाहेरून सिमेंटचा जिना, ना आडोसा, ना धड कठडा. भाऊजी उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये शिफ्ट ड्युटीला. खालची खोली रिकामीच होती, बाबा गेल्यापासून. मी म्हणालो, खाली राहायला ये, बाबांचा वॉकर तिथेच आहे, तो वापर. तुझा चेहरा असा उतरला की मला माझीच जीभ चावावीशी वाटली. पक्षाघातानंतर बाबा त्या खोलीत अकरा महिने होते. खिडकीजवळची खाट, दाराआड उभा केलेला तो ॲल्युमिनियमचा वॉकर. तू म्हणालीस, "त्या खोलीत गेलेला माणूस चालत बाहेर नाही येत. आई बी नाही आली, बाबा बी नाही आले." मी असल्या गोष्टी मानत नाही. तूही मानत नव्हतीस. तरी मी पुढे ताणलं नाही.

शेवटी ठरलं ते असं. पंचवीस फुटांना दहा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर तू निमूट खाली यायचं. दहाच्या आत असेल तोवर मी खोलीचा विषय काढायचा नाही. भाजीवाल्याशी करावा तसा सौदा आपण चालण्याचा केला.

सात. सव्वासात. परत सात. मग एका उन्हाळ्यात आठ. आधीच्यापेक्षा पाचवा हिस्सा वेळ वाढला तर ती खरी घसरण धरायची, हे मला पाठ होतं. मी म्हणालो, ऊन आहे, उतरेल. थंडी आली, आकडा उतरला नाही. मी म्हणालो, नात्यातलं लग्न उरकलंय, दमली असेल. साडेआठ झाले तेव्हा म्हणालो, दोन महिने टिकलाय की, म्हणजे स्थिर आहे. प्रत्येक आकड्याला मी एक निमित्त शोधून ठेवलं होतं. कागद फायलीत लावायचो आणि दर वेळी तेच दोन शब्द, "ठीक आहे. पुढच्या महिन्यात ये." एकदा तुझ्या घरी येऊन जिन्यावर तुझी चाल बघतो, हेही दर महिन्याला म्हणायचो. तेही पुढच्या महिन्यातच असायचं.

बारा प्रश्नांना तू भाजी निवडल्यासारखी उत्तरं द्यायचीस. एक लिही, दोन लिही, एक. एकावर मात्र अडलीस. चालताना चालण्याकडेच लक्ष द्यावं लागतं का? तू बराच वेळ टाइल्सकडे बघत राहिलीस आणि मलाच विचारलंस, तू चालताना कशाकडे लक्ष देतो. मी म्हणालो, कशाकडेच नाही. "बरं. मंग दोन लिही," तू म्हणालीस. मी दोन लिहिलं. माझ्या उत्तरावर तू तुझं उत्तर बेतलं होतंस, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी पेन खिशाला लावून चहा सांगितला.

यंदाच्या मेमधला तो रविवार. तू आलीस तीच घामाने ओलीचिंब, डोक्यावर ओला पंचा. या आजारात उष्णतेने नसा आणखी सुस्तावतात, म्हणून मी तुला अर्धा तास कुलरसमोर बसवलं. चाचणी रास्त व्हावी म्हणून. जाताना नऊ पूर्णांक आठ. येताना दहा पूर्णांक एक. मी सरासरी काढली. दहाला हात लागून परत आलेली. तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस, मितू तुझ्याकडे. मी म्हणालो, "पास." तुझा जीव भांड्यात पडला. माझाही पडला, ताई, हे मला इथे लिहायलाच हवं.

त्यानंतर नवव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, शाळेच्या ऑफिसातून परतताना तू जिन्याच्या सातव्या पायरीवरून पडलीस. भाऊजी मिलमध्ये, त्यांचा फोन लॉकरमध्ये. मितू वर स्वयंपाकघरात होती. मी तिला विचारलं, पडल्याचा आवाज आला का. ती म्हणाली, "गिरने की आवाज नहीं आई, मामा. मम्मी की चप्पल की आवाज रुक गई, बस. मैं समझ गई."

त्या पोरीने तो आवाज रोज ऐकला होता. डाव्या पायाचा फट, उजव्या पायाचा घस्स. फट, घस्स, फट, घस्स, चौदा पायऱ्या. रोज दुपारी हातातलं काम थांबवून ती पायऱ्या मोजायची आणि चौदाव्या पायरीनंतर गॅस लावायची. मी तो आवाज कधीच ऐकला नव्हता.

हॉस्पिटलच्या बाकावर मितूने माझ्या हातात एक पिशवी दिली. तुझ्या चपला. उजवी पायरीच्या कोपऱ्यात अडकलेली सापडली होती. तिचा पुढचा कोपरा झिजून कागदाएवढा राहिला होता, टाच मात्र जवळपास कोरी. मागून काळा इलॅस्टिक पट्टा शिवलेला, साडीच्या काठाखाली दिसू नये असा. टाके तुझेच. शाळेच्या फायली शिवायचीस तसे, अगदी जवळजवळ घातलेले.

मग मला कळलं मी काय केलं ते. माझ्या दारावर हिंदीत पाटी आहे, जूते-चप्पल बाहर उतारें. ती क्लिनिकची पाटी नाहीच, आपल्याकडच्या प्रत्येक घराची आहे. कोणी आपल्या घरात चप्पल घालून येत नाही, म्हणून मी सगळ्यांना अनवाणी चालवलं. पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं असतं, माणूस रोज जे पायात घालतो ते घालूनच चालवा. परीक्षेत त्याचे मार्क मिळवले होते मी. अनवाणी, थंड गुळगुळीत टाइल्सवर तुझा न उचलणारा पाय घसरत पुढे जायचा आणि तळव्याला जी काय जाणीव उरली होती ती कामी यायची. चप्पल घातली की ती बोटांनी धरून ठेवायला हवी, आणि तिचं टोक प्रत्येक पायरीला अडणार. माझे आकडे एकही खोटे नव्हते. ते फक्त माझ्या गॅलरीत चालणाऱ्या बाईचे होते. जिना चढणारी बाई मी मोजलीच नाही. आणि त्या चपला प्रत्येक रविवारी माझ्या दाराबाहेर होत्या. तुझ्यासाठी ऑटो थांबवायला बाहेर पडताना मी त्या ओलांडून जायचो.

खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुझ्याजवळ बसलो. मला भांडायचं होतं. विचारलं, हा पट्टा कधी शिवलास. तू म्हणालीस, दोन वर्षं झाली.

"मले सांगितलं काहून नाही?"

"अनवाणी जमे रे मले. चपला घालून चालली असती तर पहिल्याच वर्षी नापास झाली असती. तू घाल म्हटलंच नाही कधी."

"मी विचारलं नाही म्हणून?"

तू डोळे मिटलेस. वाटलं झोपलीस. मग म्हणालीस, "तुले बी पासच पाहिजे होती ना मी."

इतक्या वर्षांत तुझ्याशी वाद घालून मी एकदाही जिंकलो नाही, पण हा वाद तू असा अर्धवट टाकून जायला नको होता. मला तुझा राग येतो, ताई. तू मला फसवलंस म्हणून नाही. मला जे हवं होतं ते तू मला दर महिन्याला आणून दिलंस, लहानपणी शाळेच्या दारात माझ्या हातात डबा द्यायचीस तसं, आणि मी तो उघडूनही न बघता खाल्ला, म्हणून. मितूही गप्प राहिली. "मम्मी ने कसम दी थी," एवढंच ती सांगते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. तिला मी काय बोलणार? ती एकोणीस वर्षांची पोर, आणि मी वीस वर्षं चाल बघणारा माणूस.

डिस्चार्ज मिळाला तेव्हा तुला वर नेणं शक्यच नव्हतं. भाऊजींनी आणि मी स्ट्रेचर खालच्या खोलीत घेतलं. दार ओलांडताना तू माझ्या सदऱ्याची बाही धरलीस. ती खाटेपर्यंत सोडली नाहीस. बाबांच्याच खाटेवर तुला ठेवलं, दुसरी खाट त्या दारातून जात नव्हती. वॉकर मात्र नजरेआड करायला सांगितलास. मी तो मागच्या न्हाणीत नेऊन ठेवला. एका सकाळी तुझ्या अंगात जरा तरतरी होती. म्हणालीस, ही खोली किती फूट हाय रे. मी म्हणालो, बारा असेल. "मंग दोन चकरा मारीन. तू घड्याळ आण." मी दुसऱ्या दिवशी स्टॉपवॉच घेऊन आलो. तोवर छातीत कफ भरला होता. एकोणीस दिवस तू त्या खोलीत होतीस. तुला चौघांनी बाहेर आणलं.

अंधश्रद्धा मी आजही मानत नाही. पण ती खोली मी कुलूप लावून बंद केली आहे आणि किल्ली भाऊजींनीही मागितलेली नाही.

आज सकाळी क्लिनिक उघडलं. पाटी काढली. खिळे गंजले होते, भिंतीचा पोपडा निघाला. बायको म्हणाली, घरभर धूळ होईल. मी म्हणालो, होऊ दे. तेवढ्यात मितू आली, एकटीच. तुला जेवण पाठवायचो तो आमचा हिरवा डबा परत करायला आली होती. डबा टेबलावर ठेवला आणि तिथेच घुटमळली. मग गॅलरीतल्या लाल पट्ट्यांकडे बघत म्हणाली, "मामा, एक बार मेरा भी देख लो ना."

हा आजार आईकडून लेकीकडे सरळ येत नाही, हे मी तिला सांगितलं. तिला ते माहीत होतं. कुठेकुठे वाचून झालं होतं तिचं. बहुतेकांना काहीच होत नाही, हेही सांगितलं. तिने मान हलवली, दारात जाऊन सवयीने चपला काढल्या आणि पट्टीवर येऊन उभी राहिली. अनवाणी. अगदी तू उभी राहायचीस तशी, उजवा पाय अर्धं बोट पुढे.

मी म्हणालो, "चप्पल पहन के."

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मग परत जाऊन चपला घालून आली. मी स्टॉपवॉच दाबलं, पण तिकडे बघितलं नाही. डोळे मिटून घेतले आणि नुसतं ऐकलं. जाताना फट, फट, फट. येताना फट, फट, फट. तुझी अंडरब्रिजखालची चाल, ताई, तीच घाई, मी विसरलोच होतो की चालण्याचा आवाज असाही असतो. मला रडू आलं. ती जवळ येऊन म्हणाली, "ठीक है ना, मामा?"

"ठीक आहे" माझ्या तोंडातून निघेना. मी खाली बसलो, तिच्या पायातल्या चपला काढून घेतल्या आणि उजेडात उलट्या धरल्या. दोन्ही तळ सारखेच झिजले होते. अंगठा घासून बघितलं, डावा आणि उजवा, दोनदोनदा. मितू भिंतीला टेकून उभी होती आणि माझ्या हातांकडे बघत होती. मी चपला तिच्या पायांशी सरळ ठेवल्या आणि म्हणालो, "अगले महीने फिर आना. यही पहन के."

ती हो म्हणाली. मग खाली वाकून चपला घातल्या आणि निघाली. मी दारात उभा राहून ती वळणाआड जाईपर्यंत ऐकत होतो.